संकष्टीचा उलटा चंद्र

दुर्बीण घेतली तेव्हा मी चाळिशीला आलो होतो आणि आपल्याला इतरांपेक्षा जास्त कळतं याबद्दल मला काडीचीही शंका नव्हती. मिरजोळ्याच्या एमआयडीसीत आंब्याचा रस डबाबंद करणाऱ्या एका कारखान्यात मी प्रयोगशाळेत होतो. प्रयोगशाळा म्हणजे एक ओटा, एक वजनकाटा आणि रसातली साखर मोजायची एक हातभर देखील नसलेली नळी. त्या नळीला डोळा लावायचा, आतली रेघ कुठल्या आकड्यावर आहे ते बघायचं आणि पाटीवर लिहायचं. एवढ्या भांडवलावर मी स्वतःला विज्ञानाचा माणूस म्हणवून घेत असे.

दुर्बीण मुंबईहून आणली. परावर्ती, म्हणजे आरशाची. दुकानदार घड्याळं, वजनाचे काटे आणि दुर्बिणी एकाच कपाटातून विकत होता आणि तिन्हींबद्दल त्याला सारखीच माहिती होती. खोक्यावर जांभळ्या-गुलाबी तेजोमेघाचं चित्र होतं. त्या दुर्बिणीतून तसलं काही कुणाला आजवर दिसलेलं नाही आणि दिसणारही नाही. ते खोकं एस.टी.त रात्रभर मांडीवर घेऊन मी रत्नागिरीला आलो. शेजारच्या प्रवाशानं विचारलं, "हार्मोनियम काय?" मी त्याला परावर्तन म्हणजे काय ते चिपळूण येईपर्यंत समजावलं. तो पहिल्या पाच मिनिटांतच झोपला होता, हे माझ्या लक्षात आलं होतं. तरीही मी थांबलो नाही.

जोडणी करायला तीन संध्याकाळी गेल्या. सोबतचं माहितीपत्रक ज्यानं लिहिलं त्यानं दुर्बीण पाहिली नसावी. तिकाटण्याचे पाय इतके किडकिडीत, की फोकसच्या चाकाला बोट लावलं की गुरू थरथरायचा आणि बोट काढलं तरी बराच वेळ थरथरत राहायचा. शेवटी सिमेंटच्या पिशवीत जांभ्याच्या चिऱ्याचा एक मोठा तुकडा घालून ती तिन्ही पायांच्या मधोमध टांगली, तेव्हा ते यंत्र जरा माणसात आलं. अक्ष ध्रुव ताऱ्याकडे रोखायचा, असं पत्रकात होतं. आमच्याकडे ध्रुव इतका खाली, की सोसायटीच्या पाण्याच्या टाकीमागे तो असायचा, असं फक्त गृहीत धरायचं.

आरसे जुळवायचे तीन स्क्रू असतात. ते कुणी न सांगता फिरवू नयेत. मी तिन्ही फिरवले. त्यानंतर शनी महिनाभर शेपटी फुटल्यासारखा दिसत होता आणि मी येणाऱ्या-जाणाऱ्याला ती वातावरणाची गडबड आहे असं ठासून सांगत होतो. पुढे कॅमेऱ्याच्या रोलच्या काळ्या डबीला मधोमध भोक पाडून ती नळीत बसवली आणि तिच्यातून बघत बघत आरसे पुन्हा एका रेषेत आणले. शनी गोल झाला. वातावरण सुधारलं, असं मी सांगितलं.

समुद्राच्या हवेनं स्क्रू गंजायचे. पावसाळ्याचे चार महिने आरसा काढून डब्यात, सोबत कारखान्यातून आणलेले निळे ओलशोषक खडे. ते ओल पिऊन गुलाबी झाले की तव्यावर भाजून पुन्हा निळे करायचे. आई एकदा विचारत होती, "हे काय भाजतोयस रे? साबुदाणा काय?" आणि आरशावर पुटकुळ्यांसारखे डाग आले तेव्हा म्हणाली, "आमसुलाचं पाणी लाव. समई बघ कशी निघते." मी हसलो. हसलो म्हणजे तिला ऐकू जाईल असा हसलो. मग कारखान्यातल्या शुद्ध पाण्यानं आरसा धुतला. डाग तसेच राहिले.

आमची इमारत तीन मजली, गच्ची सगळ्यांची. संध्याकाळी दुर्बीण वर नेली की माणसं जमायची आणि त्यांचा मला मनापासून तिटकारा यायचा. त्यांना शनीची कडी दाखवावी तर "एवढीशीच?" म्हणायचे. चंद्रकोरीसारखी शुक्राची कोर दाखवावी तर "हा चंद्रच ना?" आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी, बँकेतून निवृत्त झालेले काका, दर खेपेला तेच विचारायचे.

"भाऊ, अमेरिकेचा झेंडा दिसतो काय हो?"

"काका, झेंडा चंद्रावर आहे. एवढ्या लांबून नाही दिसत."

"मग मोठं करायचं भिंग घाला की."

त्यांची बायको, काकू, त्यांच्याहून पुढची. "आमच्या ह्यांना समोरचा टीव्हीचा रिमोट दिसत नाही, आणि झेंडा पाहिजे!" सगळे हसायचे. मी हसत नसे. मला वाटायचं, या लोकांवर मी माझं आकाश वाया घालवतोय.

आता आईचं सांगतो. दुर्बिणीचं एवढं पुराण तिच्यासाठीच लावलं.

वडील गेल्यावर आई पावसकडचं घर बंद करून आमच्याकडे राहायला आली. तिला साखरेचा आजार होता आणि दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. डावा डोळा जवळजवळ गेलेलाच, उजव्याला सगळं चुन्याच्या निवळीतून बघितल्यासारखं. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं होतं. पण ते प्रामाणिक माणूस होते. ते म्हणाले, "मोती फार दाट आहे. मागचा पडदा कसा आहे ते आत्ता दिसत नाही. साखरेनं तो खराबही झालेला असू शकतो. मोती काढल्यावरच कळेल." आईनं त्यातलं नेमकं 'खराब' तेवढंच धरलं. तिच्या थोरल्या बहिणीचा, म्हणजे माझ्या मावशीचा डोळा अशाच ऑपरेशननंतर कायमचा गेला होता. "डोळाच मेला असेल तर चिरून काय करायचाय?" हे तिचं एक वाक्य. त्यावर मी तासन्‌तास बोलायचो. मी जितका बोलायचो तितकी ती गप्प बसायची.

आई संकष्टी करायची. दिवसभर उपास, रात्री चंद्र बघून जेवण. कॅलेंडरात रत्नागिरीची चंद्रोदयाची वेळ छापलेली असते, पण आमच्या पूर्वेला टेकडी, त्यामुळे चंद्र वर यायला आणखी वेळ लागायचा. पूर्वी ती माझ्या बायकोला विचारायची, "दिसला काय गो?" बायको तिची हनुवटी धरून नेमक्या दिशेला वळवायची, आई हात जोडायची, की झालं. मग एकदा बायको गॅसकडे असताना आई एकटीच गच्चीवर गेली आणि समोरच्या टेकडीवरच्या टाकीच्या दिव्याला तिनं मनोभावे नमस्कार केला. अक्षता वाहिल्या. काकू मागे उभ्या होत्या.

"अहो वहिनी, तो नगरपालिकेचा चंद्र!"

काकूंनी सहज म्हटलं होतं. तसलं त्या सगळ्यांनाच म्हणायच्या. गच्ची हसली. मीही जिना चढून वर येत होतो आणि सगळ्यांत मोठ्यानं हसलो तो मी.

त्या दिवसापासून आईनं दुसऱ्याच्या शब्दावर जेवणं सोडलं. "मला दिसला तर जेवीन." आणि तिला दिसायचा नाही. म्हणजे काहीतरी उजळ दिसायचं, पण ते काय आहे याची खात्री नसायची. ती तशीच दूध पिऊन झोपायची. पुढच्या संकष्टीला दूधही नाही. सकाळी गोळी घेऊन, दिवसभर उपाशी, रात्री उपाशी. दुसऱ्या दिवशी पहाटे तिला दरदरून घाम फुटला, हात थरथरायला लागले. बायकोनं साखर तोंडात घातली म्हणून निभावलं. डॉक्टर मला म्हणाले, "एक तर उपास थांबवा, नाहीतर चंद्र दाखवा. असं पुन्हा झालं तर मी जबाबदार नाही." बायको मला म्हणाली, "तुम्ही सगळ्या गावाला काय काय दाखवता. आईंना दाखवा ना एकदा."

मला ते पटलं, पण वेगळ्या कारणानं. विज्ञानाची ताकद अंधश्रद्धेला दाखवायची ही संधी आहे असं मला वाटलं. आईच्या घामापेक्षा मला ते जास्त महत्त्वाचं वाटलं होतं, हे लिहितानाही लाज वाटते.

पौषातली संकष्टी. आकाश स्वच्छ होतं. मी संध्याकाळीच दुर्बीण वर नेऊन ठेवली, कारण नळी आणि हवा सारखी थंड झाल्याशिवाय चित्र स्थिर होत नाही. चिऱ्याची पिशवी टांगली. चंद्र टेकडीवर आला तेव्हा गच्चीवर सोसायटीतल्या उपासकरी बायका होत्याच. घरोघरी मोदक वाफेवर होते आणि सगळ्यांना घाई होती. त्यांनी साध्या डोळ्यांनी चंद्र बघितला, हात जोडले आणि तरी खाली गेल्या नाहीत. वहिनींना दुर्बिणीतून दिसतो काय, हे त्यांना बघायचं होतं.

आई नऊवारीचा पदर खोचून स्टुलावर बसली. मी नेहमीची आयपीस लावली, म्हणजे डोळा लावायची भिंगाची नळी. मोठी, कमी वाढवणारी, पूर्ण चंद्र एका दमात दाखवणारी. तीच चांगली, असं मी सगळ्यांना सांगत असे.

आईनं उजवा डोळा लावला. 

"दिसला?"

"पिठात हात घातल्यासारखं दिसतंय. पांढरं पांढरं."

"नीट बघ. मध्ये बघ."

"नीटच बघत्ये रे."

मागून काका म्हणाले, "भाऊ, मोठं करायचं भिंग घाला की."

मला राग आला. त्या दुर्बिणीसोबत एक बारीकशी आयपीस आली होती, भोक टाचणीच्या डोक्याएवढं. असल्या दुर्बिणीला ती शोभत नाही. खोक्यावर मोठा आकडा छापता यावा म्हणून कंपनीनं घातलेली. तिच्यातून सगळं अंधुक होतं, चित्र हलतं आणि चंद्र समोरून भराभर पळतो. मी ती कधी वापरत नसे. त्या दिवशी ती मुद्दाम लावली, काकांच्या डोळ्यांत अंजन घालायला.

"या, काका. घ्या मोठं करून."

काकांनी बघितलं. "धुरकट आहे हो."

"मग मी काय सांगत होतो?"

"आणि काहीतरी हलतंय."

"तुमचं डोकं हलतंय," काकू म्हणाल्या.

माझा हेतू साधला होता. मी ती काढायला हात पुढे केला, तेवढ्यात आई म्हणाली, "थांब. मला बघू दे ना." आणि तिनं डोळा लावला. मी कंटाळून दुसरीकडे बघत होतो. किती वेळ गेला कळलं नाही. मग ती हळूच म्हणाली,

"खड्डे आहेत रे."

मी वळलो.

"कडेला खड्डे आहेत. पावसात कातळावर असतात तसे. आणि काळोखात, कडेच्या बाहेर, एक ठिपका आहे उजेडाचा. एकटाच." मग, "गेला. पळाला की रे हा!"

माझा विश्वास बसला नाही. ती ऐकलेलं बोलते आहे असं वाटलं, कारण खड्ड्यांबद्दल मी घरात नेहमी बोलायचो. पण त्या ठिपक्याबद्दल कधी बोललो नव्हतो. मी तिला बाजूला केलं, चंद्र पुन्हा समोर आणला आणि बघितलं. उजेड आणि अंधार यांच्या सीमेपलीकडे, काळ्यात, एक शिखर उजळलेलं होतं. एकटंच.

पुढे मला त्याचं कारण उमगलं. बारीक आयपीसमधून बाहेर पडणारा उजेड सुईसारखा बारीक असतो. तिच्या मोतीबिंदूत कुठेतरी एखादी स्वच्छ फट राहिली असणार, आणि तो उजेड नेमका त्या फटीतून आत गेला. मोठ्या आयपीसचा जाड झोत तिच्या सगळ्या मोतीबिंदूवर पसरून पांढरा होत होता. वर्षानुवर्षं नळीला डोळा लावून आकडे वाचणाऱ्या मला हे आधी सुचलं नाही. एका माणसाला चूक ठरवण्यासाठी मी ती आयपीस लावली होती.

त्या क्षणी मात्र मला विजयाचा आनंद झाला होता. मी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, "दिसला ना? चल, आता जेवायला."

आई उठली नाही. "यात आरसे आहेत ना रे? तूच सांगतोस सगळ्यांना. दोन."

"आहेत. मग?"

"मग हा आरशातला. आणि उलटा पण, तूच म्हणतोस. वरची बाजू खाली."

"बरं मग?"

"आरशातल्या चंद्राला कसा नमस्कार करायचा? तो इथे नळीत आहे. खरा तिकडे आहे."

गच्चीवर एकदम चर्चा पेटली. एक बाई म्हणाल्या, ग्रहण ताटातल्या पाण्यात बघतात ते चालतं, मग हे का नाही. दुसरीनं ऐकवलं, ग्रहण बघणं वेगळं आणि दर्शन वेगळं. काका म्हणाले, "चष्म्यातून बघितलेला चालतो. माझा तर चष्म्यातलाच."

"चष्म्यात आरसा नसतो," काकू म्हणाल्या, "आणि तुम्ही उपास करत नाही, तुम्ही गप्प बसा."

"पण उलटा का होईना, चंद्र तोच ना?"

"उलटा मोदक खाल काय, सारण सांडून?"

त्या सगळ्या मनापासून बोलत होत्या. आपल्या घरातल्या माणसाचा प्रश्न सोडवावा तशा. मला त्यात फक्त मूर्खपणा ऐकू आला. जिला आयुष्यात पहिल्यांदा चंद्रावरचा डोंगर दिसला ती बाई आरशाची शिवाशिव काढत बसली होती. आणि तिचं पोट रिकामं होतं, आणि डॉक्टरांचं वाक्य माझ्या कानात होतं. भीतीही होती त्यात, नाही असं नाही. पण तोंडातून जे बाहेर पडलं ते भीतीचं नव्हतं.

"मग मर उपाशी," मी म्हणालो. "आंधळ्या माणसाला डोंगर दाखवला हीच माझी चूक झाली."

 बायको जिन्याच्या दारात उभी होती, तिनं मान खाली घातली. 

आई शांतपणे म्हणाली, "आंधळी कुठली? आत्ताच तर बघितला."

आणि मग ती स्वतःच थबकली. आपण काय बोललो ते तिला बोलल्यावर ऐकू आलं असावं. तिनं हात वर करून डोळा चोळला, पुन्हा नळीपाशी वाकली. चंद्र केव्हाच निघून गेला होता, नळीत काळोख होता. तरी ती तशीच वाकून राहिली.

"म्हणजे मेलेला नाही," ती म्हणाली. माझ्याशी नव्हे. "मागे आहे. जिवंत आहे मागे."

उठली. बायकोकडे हात केला. "चल गो, खाली जाऊ. मोदक गार होतील."

"पण आई, चंद्र…"

"तू बघितलास ना?"

"हो, मी बघितला. टेकडीवर आलाय चांगला."

"मग झालं. घरातल्या माणसानं बघितला म्हणजे मी बघितला." आणि बायकोच्या खांद्यावर हात ठेवून ती जिना उतरली.

मी गच्चीवर राहिलो आणि मनातल्या मनात तिची खिल्ली उडवत दुर्बीण सुटी करत बसलो. डोळ्यांनी बघितलेला चालत नाही, सांगोवांगीचा चालतो! हा किस्सा आपल्या मित्रांना सांगायचा, असं मी ठरवलंही, आणि सांगितलाही, पुष्कळ वेळा, माणसं हसेपर्यंत. दुसऱ्याच्या शब्दावर जेवणं तिनं का सोडलं होतं आणि त्या रात्री का चालवून घेतलं, याचा विचार मी केला नाही. आपला डोळा मेला की काय, हे ती दर संकष्टीला एकटीच तपासून बघत होती. त्या रात्री तो जिवंत आहे असं कळलं, आणि मग चंद्र कुणी बघितला याला तिच्या लेखी फारसं महत्त्व उरलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती चहा पिताना म्हणाली, "डॉक्टरांना विचार, कधी करतात ते." एवढंच. माझ्या तासन्‌तासांच्या भाषणांचा तिनं उल्लेखही केला नाही.

ऑपरेशन नीट झालं. मागचा पडदा पुष्कळसा चांगला निघाला. पट्टी काढल्यावर काही दिवस काळा गॉगल होता आणि दिवसातून कितीदा तरी डोळ्यात थेंब. घरी ती हळूहळू एकेक वस्तू बघत फिरायची. भिंतीवरची शेवाळाची रेघ, गॅसच्या मागचा तेलकटपणा, बायकोच्या केसांतले पांढरे. "कधी पिकलीस गो तू एवढी?" म्हणून ती तिच्या डोक्यावरून हात फिरवत होती.

काका मोसंबी घेऊन भेटायला आले. काकूंनी कोकमाचं सरबत पाठवलं होतं, साखरेविना, बाटलीवर तसं लिहून. आईनं काकांसाठी चहा करायला सांगितला. काका खुर्चीत ऐसपैस बसले.

"काय वहिनी, आता मी ओळखू येतो ना?"

"आवाजावरून बारीक वाटत होतात."

काका पोट हलवून हसले. मग माझ्याकडे वळले. "भाऊ, पेपरात होतं, मंगळावर पाणी होतं म्हणे पूर्वी. तुम्हांला दिसलं काय हो तुमच्या दुर्बिणीतून?"

"नाही हो, काका," मी म्हणालो. "आपल्या दुर्बिणीतून नाही दिसत."

व्यवस्थित, नम्र उत्तर. वावगा शब्द एकही नाही. काका चहा पिऊन, मोसंबीचा रस गाळून द्या, साल ठेवू नका, असं दोनदा बजावून गेले. मी त्यांना दारापर्यंत पोचवून आलो.

आईनं गॉगल काढून मांडीवर ठेवला होता. माझ्याकडे बघत होती.

"तुझं तोंड असं कधीपासून झालं रे?"

"कसं?"

"आत्ता केलंस तसं. ते विचारत होते तेव्हा."

"मी कुठे काय बोललो त्यांना?"

"बोलला नाहीस." तिनं गॉगलची दांडी मिटली. "आवाजावरून मला वाटायचं, कामानं दमतो. माझ्याशी बोलताना पण असंच करत होतास काय, इतकी वर्षं?"

आत बायकोचा खोबरं खवण्याचा आवाज थांबला. मी तोंड सरळ करायचा प्रयत्न केला. ते कुठे वाकडं आहे ते मला समजेना. आई गॉगल पुन्हा लावील म्हणून मी वाट बघत राहिलो. तिनं लावला नाही. ती बघत राहिली.